मूल बेपत्ता आहे आणि ग्रुपवर तपास सुरू आहे: काय करावं, काय थांबवावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या एका गावातून अकरा वर्षांचा मुलगा चार दिवसांपासून बेपत्ता आहे. अपहरणाचा गुन्हा दाखल झालाय. गावातल्या तरुणांनी शोधासाठी व्हॉट्सॲप ग्रुप काढला, तो बघता बघता भरला, आणि आता तिथे शोध कमी आणि तपास जास्त चाललाय. एका मेडिकल दुकानाच्या कॅमेऱ्यात मुलाच्या मागे चालणारा निळ्या शर्टातला माणूस दिसतो. काहींच्या मते तो भंगार गोळा करणारा एक फिरस्ता आहे, आणि त्याचा फोटोही कोणीतरी टाकलाय. पांढऱ्या ओम्नीबद्दल पाच-सहा मेसेज आहेत. मुलाच्या वडिलांबद्दल कुजबुज आहे ती वेगळीच. प्रश्न विचारणारे गृहस्थ ग्रुपचे ॲडमिन आहेत. ती क्लिप सगळीकडे टाकावी का, आलेल्या माहितीचं करायचं काय, आणि ठाण्यात कोणी दाद देत नसेल तर पुढं काय, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी पोलीस खात्यातून निवृत्त झालोय. नोकरीचा बराच काळ तालुक्याच्या ठाण्यांत आणि नंतर गुन्हे शाखेत गेला, त्यामुळे मिसिंगचे कागद कायम टेबलावर. त्या मुलाचं काय झालं असेल याचा अंदाज मी इथे बांधणार नाही. आणि पुढचं बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे: मूल स्वतःहून गेलंय की कोणी नेलंय, खंडणीचा फोन आलाय का, तपासी अधिकारी कामाचा आहे की कागद रंगवणारा. यातलं काहीही बदललं तर सल्ला बदलेल.

क्लिप टाकावी का, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. खरी अडचण अशी की तुमच्या हाताशी शेकडो माणसांचे डोळे, फोन आणि मोटारसायकली आहेत, आणि त्यांना कोणतं काम द्यायचं हे ठरलेलं नाही. काम दिलं नाही की माणसं स्वतःच काम शोधतात, आणि सगळ्यात सोपं, बसल्या जागी होणारं काम म्हणजे संशयित ठरवणं. माझं मत सरळ आहे. गर्दीला गाडी, जागा, वेळ, वस्तू शोधायला लावा. त्यात ती पोलिसांपेक्षा सरस ठरू शकते. तिला गुन्हेगार शोधायला लावू नका. गाडीचा नंबर चुकला तर आरटीओच्या नोंदीत पाच मिनिटांत कळतं. माणूस चुकला तर ते कळेपर्यंत त्याचं घर फुटलेलं असतं.

हे मत हवेतलं नाही. युरोपोल, म्हणजे युरोपातल्या देशांची एकत्र पोलीस यंत्रणा, २०१७ पासून एक मोहीम चालवते. मुलांच्या लैंगिक शोषणाच्या फोटोंमधला फक्त मागचा एखादा तुकडा, म्हणजे दुकानाची पिशवी, साबणाची बाटली, पडद्यावरची नक्षी, कापून लोकांपुढे ठेवतात आणि विचारतात की ही वस्तू कोणत्या देशात मिळते. लोक ओळखतात, तपास त्या देशाकडे वळतो, आणि त्यातून मुलं वाचलेली आहेत. प्रश्न किती नेमका आहे बघा. चेहरा नाही, आरोपी कोण वाटतो असं विचारणं नाही. अमेरिकेत २०२१ मध्ये प्रवासात एक तरुणी बेपत्ता झाली, तेव्हा त्याच भागात बसमधून फिरत असलेल्या एका कुटुंबानं आपल्या गाडीतल्या कॅमेऱ्याचं जुनं चित्रीकरण पुन्हा बघितलं. त्यात रस्त्याकडेला तिची पांढरी व्हॅन उभी दिसली. त्यांनी एफबीआयला कळवलं, शोधाचा परिसर आवळला गेला आणि तिचा मृतदेह त्याच भागात मिळाला. त्या कुटुंबानं कोणावर आरोप केला नव्हता. एक गाडी, एक जागा, एक तारीख एवढंच दिलं.

आता दुसरी बाजू. एप्रिल २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉन स्फोटानंतर रेडिट या चर्चेच्या वेबसाइटवर हजारो लोक फोटो घेऊन बसले, लाल गोल काढले, पाठीवरच्या सॅकचे रंग जुळवले, आणि एका बेपत्ता विद्यार्थ्याचं नाव आरोपी म्हणून फिरवलं. त्या मुलाचा स्फोटाशी काही संबंध नव्हता. पुढं त्याचा मृतदेह नदीत सापडला. आधीच मुलाला शोधत असलेल्या घरच्यांना त्या दिवसांत काय काय ऐकावं लागलं असेल! रेडिटला जाहीर माफी मागावी लागली. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या एका खेड्यात जानेवारी २०२३ मध्ये कुत्र्याला फिरवायला गेलेली महिला नदीकाठावरून नाहीशी झाली. पोलीस पहिल्यापासून सांगत होते की ती नदीत पडली असावी. पण अपहरणाच्या गोष्टी इतक्या पसरल्या की लांबलांबून लोक कॅमेरे घेऊन आले, लोकांच्या आवारात शिरून शूटिंग करायला लागले, आणि पोलिसांना त्यांना हटवण्याचा आदेश काढावा लागला. तीन आठवड्यांनी मृतदेह त्याच नदीत मिळाला. अपघाती बुडून मृत्यू, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला.

आणि आपलं राईनपाडा. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं गाव. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागून जगणारे, पोरं चोरणारे समजून लोकांनी ग्रामपंचायतीच्या खोलीत डांबून ठेचून मारले. त्या दिवसांत मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे मेसेज देशभर फिरत होते. त्यातला मोटारसायकलवरून मूल उचलून नेतानाचा व्हिडिओ मुळात कराचीतल्या एका संस्थेनं केलेली जनजागृतीची फिल्म होती. शेवटी तोच मोटारसायकलवाला मूल परत आणून सोडतो आणि फलक दाखवतो. तेवढा शेवट कोणीतरी कापला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल अशी मर्यादा घातली. तुमच्या ग्रुपवर त्या भंगारवाल्याचा फोटो आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे सांगतोय. संशय नेहमी त्याच्यावरच जातो ज्याच्या बाजूनं बोलायला गावात कोणी नसतं. खरा गुन्हेगार मात्र कोणाला संशयही येणार नाही असा असू शकतो. एक जुनं उदाहरण देतो. कोल्हापूरचं अंजनाबाई गावितचं प्रकरण घ्या. नव्वदच्या दशकात मुलं पळवून मारणाऱ्या त्या आई आणि दोन मुली होत्या. गर्दीत लेकुरवाळ्या बाईकडे कोण संशयानं बघतो?

तर आता निळ्या शर्टाकडे येऊ. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण क्लिप ही गोष्ट लोकांना कोर्टाच्या निकालाइतकी पक्की वाटते.

दुकानातल्या डीव्हीआरचं, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्राचं, घड्याळ बरोबर असेल असं कधीही धरू नका. इंटरनेटला न जोडलेल्या यंत्राचं घड्याळ हळूहळू मागंपुढं सरकत जातं, आतला सेल गेला की तारीखच वीस वर्षं मागं जाते, आणि लाइट गेल्यावर काय होईल सांगता येत नाही. माझ्याकडच्या एका प्रकरणात दूध डेअरीच्या कॅमेऱ्यात मूल दिसत होतं आणि दोन मिनिटांनी एक माणूस पुढच्या चौकातल्या कॅमेऱ्यात. गावानं त्याला "मागावर असलेला" ठरवून टाकलं होतं. दोन्ही यंत्रांची घड्याळं मोबाइलच्या वेळेशी ताडून बघितली तर चौकातलं तेवीस मिनिटं पुढं निघालं. म्हणजे तो माणूस मूल यायच्या आधीच, वीसेक मिनिटांपूर्वी तिथून गेला होता. पाठलाग राहिला बाजूला, दोघांची गाठच पडलेली नव्हती.

शर्टाच्या रंगाचंही तेच. संध्याकाळनंतर हे कॅमेरे इन्फ्रारेडवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडावर जातात आणि चित्र काळं-पांढरं होतं. त्या उजेडात काळं सिंथेटिक कापड बऱ्याचदा फिकट, जवळजवळ पांढरं दिसतं. दिवेलागणीच्या सुमाराला, कॅमेरा रंगातून काळ्या-पांढऱ्यात जाण्याआधी, रंग कसेही येतात. तुमच्या क्लिपची वेळ साडेसहाची आहे असं म्हणताय, म्हणजे नेमकी हीच. निळा, जांभळा की राखाडी यावर मी पैज लावणार नाही. नंबर प्लेटचंही तसंच: ३ आणि ८, बी आणि ८, डी आणि शून्य यांत फरक दिसतो असं सांगणारा माणूस बहुतेकदा आपल्याला हवा तो आकडा वाचत असतो.

आणि कृपा करून ग्रुपमधल्या त्या हुशार पोराला सांगा की एआयनं चेहरा "स्पष्ट" करू नकोस. ते ॲप धूसर चेहऱ्यात लपलेलं काही बाहेर काढत नाही. तिथे साधारण कसा चेहरा असू शकेल ते स्वतःच रंगवतं. नाक, डोळे, मिशी, सगळं त्याचं. मग गावात त्या रंगवलेल्या चेहऱ्याशी जुळणारा कोणीतरी निघतोच. अशा चित्रावरून कोणाला धरलं तर तपासी अधिकाऱ्याचीही पंचाईत होते, कारण कोर्टात पहिला प्रश्न येईल की मूळ फ्रेम कुठे आहे.

क्लिप जाहीर करू नका असं मी म्हणतो त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते बाहेरच्यांना सहसा सुचत नाही. पुढं आरोपी पकडला गेला तर ओळख परेड होते. ज्यानं त्याला पाहिलंय तो साक्षीदार सारख्या दिसणाऱ्या माणसांतून त्याला निवडतो. पण तोच चेहरा चार दिवस साक्षीदाराच्या फोनवर फिरत असेल तर तो रस्त्यावर पाहिलेला माणूस ओळखतोय की फोनवरचा, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. बचावाचा वकील ती परेड दहा मिनिटांत निकालात काढतो. तुमच्या क्लिपनं माणूस पकडलाही जाईल आणि सुटेलही.

अपवाद आहे. मूल आत्ता, या क्षणी कोणाबरोबर तरी आहे आणि जिवाला धोका आहे असं दिसत असेल, तर पोलीस स्वतःच फोटो जाहीर करतात. तेव्हा खटल्यापेक्षा जीव मोठा. पण तो निर्णय ज्याच्यापुढं सगळी माहिती आहे त्यानं घ्यायचा. तुमच्यापुढं एक क्लिप आहे. त्याच्यापुढं सीडीआर, म्हणजे फोन कॉलची नोंद असेल, टॉवर डंप, म्हणजे त्या वेळी त्या टॉवरखाली असलेल्या सगळ्या मोबाइलची यादी असेल, घरच्यांचे जबाब असतील.

जबाबांवरून वडिलांकडे येतो. मूल हरवलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणतंच, "बाप रडला कुठं?" माणसं धक्क्यात कशी वागतात याला काही नियम नाही. मी अगदी कोरडे राहिलेले आईबाप पाहिलेत, आणि छाती पिटून रडणारा आरोपीही पाहिलाय. घरच्यांना पोलीस आधी विचारतातच, तो सरावाचा भाग आहे. वडिलांना दोन तास ठाण्यात बसवलं याचा अर्थ ते संशयित आहेत असा होत नाही. आणि घरातली काही माहिती पोलीस मुद्दाम बाहेर बोलत नाहीत. मुलाला आदल्या रात्री मारलं होतं का, परीक्षेचा काही विषय होता का, आईवडिलांचं आपसात बिनसलं होतं का. या वयाची कितीतरी मुलं रागावून किंवा घाबरून स्वतःच निघतात आणि रेल्वे स्टेशनवर सापडतात. रेल्वे सुरक्षा दलाची त्यासाठी "नन्हे फरिश्ते" नावाची मोहीमच आहे. पोलीस गप्प आहेत म्हणजे हातावर हात ठेवून बसलेत असं धरू नका. कधी बसलेलेही असतात. त्याबद्दल शेवटी लिहितो.

गप्प राहण्याचं एक कारण तर अगदी व्यवहाराचं आहे. पालकांचा नंबर पोस्टरवर गेला की खंडणीचे खोटे फोन सुरू होतात. "पोरगा माझ्याकडे आहे, पन्नास हजार टाका." खरा कोण आणि खोटा कोण हे ओळखायला पोलीस एखादी खूण राखून ठेवतात: चपलेचा बंद तुटलेला होता, खिशात काय होतं, मनगटावरच्या दोऱ्याचा रंग. तुमच्या ग्रुपवर कोणी मायेपोटी "त्याच्या हातात आजीनं बांधलेला काळा दोरा होता" असं लिहिलं, की ती खूण गेली. आता प्रत्येक भामट्याला काळा दोरा माहीत.

आतापर्यंत काय थांबवायचं ते सांगितलं: क्लिप फिरवणं, चेहरे "सुधारणं", फिरस्त्याचा फोटो, वडिलांबद्दलची कुजबुज आणि खाजगी खुणा. आता करायचं काय.

सगळ्यात निकडीचं काम म्हणजे फुटेज वाचवणं. डीव्हीआरची डिस्क भरली की यंत्र जुन्यावर नवीन लिहितं. छोट्या दुकानांत हे आठ-दहा दिवसांत होतं, कुठे महिन्यानं. तुमचे चार दिवस गेलेत. मुलगा शेवटचा दिसला तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक रस्त्यासाठी दोन-दोन पोरं नेमा: मेडिकल, पेट्रोल पंप, पतसंस्था, एटीएम, मंदिर, एसटी स्टँड, खाजगी बंगले. त्यांनी फक्त यादी करायची. कॅमेरा कोणाचा, तोंड कुठल्या दिशेला, रेकॉर्डिंग किती दिवसांचं राहतं. मालकाला एवढंच विनवायचं की त्या दिवसाचं पुसलं जाऊ देऊ नका. आणि एक युक्ती: डीव्हीआरच्या पडद्यावर दिसणारी वेळ आणि शेजारी धरलेल्या मोबाइलवरची वेळ, दोन्ही एकाच फोटोत घ्या. त्या एका फोटोनं घड्याळाचा फरक कायमचा नोंदला जातो. ही यादी हातात पडली तर कुठलाही तपासी अधिकारी तुम्हाला खुर्ची देईल, कारण एवढं फिरायला त्याच्याकडे माणसंच नसतात.

स्वतः कॉपी काढायच्या भानगडीत शक्यतो पडू नका. पडद्याचं मोबाइलवर शूटिंग आणि मग व्हॉट्सॲपवर टाकलेली क्लिप ही पुरावा म्हणून जवळपास निकामी असते. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं आणि फाइलसोबतची मूळ माहिती जाते. कोर्टात डिजिटल पुरावा ठेवायला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, जुन्या कायद्यातलं ६५ब. ज्याच्या ताब्यात यंत्र आहे त्याची आणि तज्ज्ञाची सही, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा असा आकडा जो एक फ्रेम बदलली तरी बदलतो. पोलिसांनी पंचनामा करून डीव्हीआर किंवा डिस्क जप्त केली तर हे नीट होतं. यंत्र उद्याच पुसलं जाणार आणि पोलीस आज येऊ शकत नाहीत अशीच वेळ आली तर मालकाच्या हातानं, मालकासमोर, मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्या. तारीख-वेळ लिहून त्याची सही घ्या आणि तो पेनड्राइव्ह कोणाच्याही लॅपटॉपला न लावता ठाण्यात जमा करा.

दुसरं काम माणसांचं. ग्रुपवर "मी ऐकलं", "असं म्हणतात" हे बंद करा आणि एक वही घाला. वहीत फक्त स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं लिहायचं. कोण, कुठं उभा होता, काय दिसलं, आणि वेळ कशावरून सांगतोय. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. "साडेसहा वाजता" याला किंमत नाही, कारण माणसाला वेळ आठवत नाही, घटना आठवते. "नळाला पाणी आलं होतं", "मुक्कामाची एसटी वळत होती", "लाइट नुकतीच आली होती", "मशिदीत बांग झाली" हे सांगितलं तर वेळ काढता येते. पाण्याची वेळ नगरपंचायतीत मिळते, एसटीची आगारात, लाइटची महावितरणच्या सबस्टेशनात. बाया या बाबतीत पुरुषांपेक्षा कितीतरी पक्क्या साक्षीदार असतात, आणि तुमच्या ग्रुपमध्ये बहुधा त्या नाहीतच. धुण्याच्या जागी, अंगणवाडीत, बचत गटात जाऊन विचारा. मुलाच्या वर्गातल्या पोरांना मात्र तुम्ही काही विचारू नका. मुलं मोठ्यांना हवं ते उत्तर देतात, आणि एकदा दिलेलं उत्तर त्यांना खरंच आठवायला लागतं. ते काम पोलिसांचं आणि शिक्षकांसमोर करायचं.

पांढऱ्या ओम्नीवर एक सोपा उपाय आहे. प्रत्येक मेसेज टाकणाऱ्याला विचारा, "तुला कोणी सांगितलं?" मग त्याला विचारा, मग त्याच्या आधीच्याला. माझा अनुभव असा की दोन-तीन हात मागं गेलं की एकतर खरोखर पाहिलेला माणूस भेटतो, नाहीतर पाचही बातम्या एकाच व्हॉइस नोटपाशी येऊन थांबतात. पाच जणांनी पाहिली आणि पाच जणांनी ऐकली यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिवाय तालुक्यातल्या निम्म्या शाळांची पोरं पांढऱ्या ओम्नीतूनच जातात. रंग आणि मॉडेलवर कोणाची गाडी अडवू देऊ नका.

तिसरं पोस्टर. मुंबईत अंधेरीतून २२ जानेवारी २०१३ ला सात वर्षांची एक मुलगी शाळेजवळून नाहीशी झाली. डी. एन. नगर पोलीस ठाण्यातले सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले यांच्या यादीतली ती १६६ वी. बाकीच्या १६५ सापडल्या, ही राहिली. भोसले २०१५ मध्ये निवृत्त झाले आणि तरी शोधत राहिले. ऑगस्ट २०२२ मध्ये ती सापडली, आपल्याच घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. जिथे ती मूल सांभाळायला जायची तिथे काम करणाऱ्या एका बाईंना तिनं आपली कहाणी सांगितली. बाईंनी तिचं नाव टाकून इंटरनेटवर शोधलं, तर जुन्या बातम्या आणि "हरवली आहे"चं पोस्टर निघालं. पोस्टरवर पाच नंबर होते. चार लागेनात. पाचवा एका शेजाऱ्याचा होता, तो लागला.

या घटनेतून मी दोन व्यवहारी गोष्टी घेतो. पोस्टरवर एकापेक्षा जास्त नंबर हवेत आणि त्यात पोलीस ठाण्याचा लँडलाइन हवाच. माणसं मोबाइल बदलतात, ठाणं सहसा नंबर बदलत नाही. आणि पोस्टरवर तारीख, ठाण्याचं नाव, गुन्हा रजिस्टर नंबर घाला, म्हणजे पाच वर्षांनी कोणाच्या हाती पडलं तरी कुठं कळवायचं ते समजेल. फोटो अलीकडचा, बिनफिल्टरचा. उंची, बोलतो ती भाषा, ओळखू येईल अशी एखादी शारीरिक खूण. पण ती कोणती द्यायची आणि कोणती राखायची हे तपासी अधिकाऱ्याला विचारूनच. संशयिताचं वर्णन पोस्टरवर नको. बक्षिसाचा आकडाही नको, भामट्यांना ते आमंत्रण असतं.

मूल सापडलं की पोस्टर आणि पोस्ट त्याच दिवशी काढायच्या. इथे कायदा कडक आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली पीडित मुलाची ओळख पटेल असं काही प्रसिद्ध करणं गुन्हा आहे, आणि लैंगिक अत्याचाराचा प्रकार निघाला तर पॉक्सोचं कलम २३ लागतं. हरवलेलं मूल शोधण्यासाठी फोटो लावणं वेगळं, सापडल्यावर "अखेर सापडला" म्हणून त्याच्यासोबत सेल्फी टाकणं वेगळं. तो मुलगा पुढची कित्येक वर्षं त्याच शाळेत जाणार आहे.

भंगारवाल्याच्या फोटोचं आजच्या आज करा. ॲडमिन म्हणून तुम्ही तो सगळ्यांसाठी डिलीट करू शकता, करा. "हा फोटो चुकीनं आला, या व्यक्तीविरुद्ध काहीही नाही, कोणी पुढं पाठवला असेल तर तिथूनही काढा" असा मेसेज स्वतःच्या नावानं टाका, आणि पोलिसांना फोन करून सांगा की अशा माणसाचा फोटो फिरलाय, त्याच्याकडे लक्ष असू द्या. त्याच्या पालावर कोणी जाऊ नये यासाठी पोलीस पाटलांना सोबत घ्या. पाच किंवा जास्त जणांनी जात, समाज, भाषा अशा कारणांवरून ठार मारलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) मध्ये जन्मठेप किंवा फाशी आहे, हे ग्रुपवर लिहून टाकायला हरकत नाही. उपदेशापेक्षा कलमाचा आकडा लवकर समजतो.

आता शेवटचा प्रश्न, पोलीस दाद देत नसतील तर. आधी गुन्हा नीट दाखल आहे ना ते बघा. "चोवीस तास थांबा" हा नियम नाहीच. सर्वोच्च न्यायालयानं बचपन बचाओ आंदोलन या संस्थेच्या याचिकेवर २०१३ मध्ये सांगितलंय की मूल हरवल्याची तक्रार आली की उलट काही सिद्ध होईपर्यंत अपहरण किंवा तस्करी समजून गुन्हा नोंदवायचा. अपहरणाचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं १३७. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती पालकांच्या हातात हवी. मुलाची नोंद हरवलेल्या मुलांसाठीच्या सरकारी पोर्टलवर (मिशन वात्सल्य, आधीचं ट्रॅक चाइल्ड) गेली का ते विचारा, आणि चाइल्ड हेल्पलाइन १०९८ वरही कळवा. दुसऱ्या जिल्ह्यातल्या बालगृहात मूल असेल तर तिकडून जुळणी होते.

माहिती द्यायला जाताना जमाव घेऊन जाऊ नका. दोन माणसं नेमा, एक वही, एक यादी. अर्ज लेखी, सोबत काय जोडलंय ते लिहिलेलं, दुसऱ्या प्रतीवर ठाण्याची पोच, म्हणजे शिक्का, तारीख आणि सही. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं आणि ईमेलनं पोलीस अधीक्षकांना. अधीक्षकांकडे मागणी नेमकी करा: "आरोपी पकडा" असं नको, "अमुक अमुक कॅमेऱ्यांचं फुटेज अमुक तारखेआधी ताब्यात घ्यावं आणि तपास स्थानिक गुन्हे शाखेकडे द्यावा" असं लिहा. तारीख घातलेल्या मागणीकडे दुर्लक्ष केलं तर नंतर उत्तर द्यावं लागतं, हे प्रत्येक अधिकारी जाणतो. चार महिन्यांत मूल मिळालं नाही तर प्रकरण मानवी तस्करी प्रतिबंधक पथकाकडे जायला हवं. तोवर वाट पाहायला मात्र मी सांगणार नाही. अधीक्षकांकडूनही काही हललं नाही तर पालकांनी उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची, म्हणजे बेपत्ता माणसाला कोर्टापुढं हजर करा अशी मागणी करणारी, याचिका करावी. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा. मुलांना आणि महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे अर्ज आईच्या नावानं केलेला बरा. खंडपीठापुढं तारीख लागली की तपासी अधिकाऱ्याला काय केलं ते सांगावं लागतं, आणि तेव्हा तुमच्याकडची पोच असलेली प्रत वकिलाच्या फायलीत सगळ्यात वर हवी.